एक पान, दोन सन: टॉलेमीच्या दहाव्या आशिया-नकाशाच्या खरेदीचे प्रकरण

लंडनमधल्या जुन्या नकाशांच्या एका विक्रेत्याने गेल्या वर्षी आपल्या यादीत एक नकाशा लावला. वर्णन अवघ्या तीन ओळींचे होते: टॉलेमी, आशियाचा दहावा नकाशा, रुशेल्लीची आवृत्ती, व्हेनिस, १५६१, तांब्याच्या पत्र्यावरून छपाई, स्थिती उत्तम, किंमत ३८० पौंड. सोबत एकच छायाचित्र होते आणि त्यात नकाशाच्या चारही बाजूंना जाड पांढऱ्या पुठ्ठ्याचा माउंट होता. विक्रेत्याने माउंट लावण्यात वावगे काही नाही, नकाशा त्यात उठून दिसतो. मात्र या विशिष्ट नकाशाच्या बाबतीत त्याचे वय नेमके त्याच पट्टीखाली झाकले जाते, आणि या प्रकरणातला सगळा गुंता तिथूनच सुरू झाला.

मी मूळचा पैठणचा. पुण्यात नोकरी झाली, निवृत्तीही झाली, आणि जुने नकाशे जमवायला लागून आता पंधरा वर्षे होतील. टॉलेमीच्या नकाशांचे वेड मात्र पैठणमुळेच लागले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियात बसून क्लॉडियस टॉलेमीने भूगोलाचे आठ खंड लिहिले आणि सुमारे आठ हजार ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले. त्यातल्या सातव्या खंडात अरियाके प्रदेशाच्या आतल्या भागात बैथाना नावाचे नगर आहे आणि ते सिरिप्टोलेमायोस या राजाची राजधानी असल्याची नोंद आहे. बैथाना म्हणजे पैठण, आणि हा ग्रीक वळणाचा राजा म्हणजे सातवाहन घराण्यातला वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याच्या कारकिर्दीतला शिलालेख आजही वाचता येतो. सोपारा सुप्पारा म्हणून, चौल सिमुल्ला म्हणून, तेर तगर म्हणून आणि नाशिक नासिका म्हणून याच ग्रंथात येतात. उज्जैनीच्या नावापुढे टॉलेमीने तियास्तेनेस हा राजा लिहिला आहे, तो आपल्या ओळखीचा क्षत्रप चष्टन. नाशिक-पैठणच्या शाळकरी इतिहासातली माणसे अलेक्झांड्रियातल्या त्यांच्या समकालीनाने नोंदवून ठेवावीत, आणि ती नोंद चौदाशे वर्षांनी व्हेनिसमध्ये तांब्यावर कोरली जावी, एवढे कारण मला पुरेसे होते.

आशियाचे एकंदर बारा नकाशे या परंपरेत येतात. युरोपचे दहा, आफ्रिकेचे चार आणि जगाचा एक धरून सत्तावीस होतात. बारापैकी दहावा नकाशा ‘गंगेच्या अलीकडचा भारत’ दाखवतो. तो पहिल्यांदा पाहणाऱ्याला भारत ओळखू येत नाही, कारण त्यात द्वीपकल्पच नाही. भडोच ज्या अक्षांशावर दिला आहे तिथून कन्याकुमारीपर्यंतचे दक्षिणोत्तर अंतर टॉलेमीने चार अंशांच्या आत उरकले आहे; प्रत्यक्षात ते साडेतेरा अंशांच्या आसपास भरते. परिणामी किनारा खाली उतरण्याऐवजी आडवा पूर्वेकडे सरकतो, आपले कोकण दक्षिणेकडे तोंड करून बसते, आणि उरलेल्या समुद्रात ताप्रोबाने, म्हणजे श्रीलंका, आपल्या खऱ्या आकाराच्या कितीतरी पट फुगून पसरते. टॉलेमीला हे आकडे व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या सांगण्यावरून, तसेच त्याच्या आधीच्या, टायर नगरातल्या मारिनस या भूगोलकाराच्या लेखनातून मिळाले होते. त्यातच त्याने पृथ्वीचा परीघ २,५२,००० स्टेडियांऐवजी (स्टेडिया हे ग्रीकांचे अंतराचे माप) १,८०,००० स्टेडियांचा धरला. अंश लहान झाला की प्रवासाचे तेच अंतर अधिक अंश व्यापते, म्हणून त्याचे जग पूर्व-पश्चिम ताणले गेले. भूमध्य समुद्राची बेचाळीस अंशांच्या आसपासची लांबी त्याच्याकडे बासष्ट अंश भरते.

हे सगळे चुकीचे असताना सोळाव्या शतकातले छापखाने ते पुन्हा पुन्हा का छापत होते, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. १२९५ च्या सुमारास मॅक्सिमस प्लानूदीस या भिक्षूने कॉन्स्टँटिनोपलमध्ये ग्रीक हस्तलिखित शोधून काढले आणि १४०६ च्या आसपास याकोपो आंजेली यांनी त्याचे लॅटिन भाषांतर केले. त्यानंतर टॉलेमीचा ग्रंथ युरोपातल्या विद्वानांच्या घरात आदराने ठेवला जाऊ लागला. १४७५ मध्ये व्हिचेन्झाला तो नकाशांविना छापला गेला, १४७७ मध्ये बोलोन्याला नकाशांसह आणि १४७८ मध्ये रोमला. १४८२ मध्ये उल्म इथे लाकडी ठशांवरून त्याची देखणी आवृत्ती निघाली. तोवर आफ्रिकेच्या टोकाला वळसा पडायचा होता. नवी माहिती हाती येऊ लागली तसा छापखानेवाल्यांनी तोडगा काढला: टॉलेमीचे सत्तावीस नकाशे जसेच्या तसे ठेवायचे आणि त्यांच्या शेजारी ‘नवे नकाशे’ जोडायचे. १५१३ च्या स्ट्रासबुर्ग आवृत्तीत वाल्डझेम्युलर या जर्मन नकाशाकाराने असे वीस नवे नकाशे घातले. १५६१ मध्ये जिरोलामो रुशेल्लीने व्हेनिसमध्ये आपली इटालियन आवृत्ती काढली तेव्हा जुन्या सत्तावीसांना जोडून सदतीस नवे नकाशे त्यात होते. त्यामुळे एकाच पुस्तकात टॉलेमीचा आडवा भारतही सापडतो आणि ‘कालेकुत नुओवा ताव्होला’ या नावाचा, कालिकतचे नाव मिरवणारा, पोर्तुगीज खलाशांनी फिरून पाहिलेल्या किनाऱ्याचा नकाशाही सापडतो. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात जाऊन तोवर पन्नास वर्षे उलटली होती. पुस्तक घेणाऱ्याला बंदरात जायचे नव्हते. त्याला प्राचीन लेखक वाचताना हाताशी नकाशा हवा होता आणि शेजारच्या पानावर आजचे जगही हवे होते.

संग्राहकांच्या बाजारात या दोन प्रकारांची किंमत सारखी नाही. जगाचे नकाशे आणि नवे नकाशे महाग जातात, प्राचीन प्रादेशिक नकाशे त्या मानाने स्वस्त राहतात. उल्मचे पान माझ्यासारख्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याच्या आवाक्यात नाही. रुशेल्लीचे आहे. त्याचा नकाशा साधारण अठरा सेंटिमीटर बाय पंचवीस सेंटिमीटरचा, म्हणजे शाळेच्या लांब वहीच्या पानाएवढा. कोरीव काम बारीक, समुद्र ठिपक्याठिपक्यांनी भरलेला, आणि रंग बहुधा नसतोच, कारण व्हेनिसहून ही पुस्तके सहसा काळ्या शाईतच बाहेर पडत. (रुशेल्लीचे पान गुलाबी-हिरव्या रंगांत दिसले तर रंग अलीकडच्या काळात भरला आहे, असे मी आधी धरतो आणि मग उलट पुरावा शोधतो.)

यादीतला नकाशा बिनरंगी होता आणि छायाचित्रावरून खरा वाटत होता. पण १५६१ हा आकडा मला खुपत होता. रुशेल्लीचे पत्रे एकदाच छापून फेकून दिले गेले नाहीत. १५६१ च्या इटालियन आवृत्तीनंतर १५६२ मध्ये लॅटिन आवृत्ती निघाली, मग १५६४ मध्ये, मग १५७४ मध्ये जोव्हान्नी मालोम्ब्राने सुधारलेली इटालियन आवृत्ती जोर्दानो झिलेत्ती या प्रकाशकाकडून, आणि शेवटी १५९८-९९ मध्ये जुझेप्पे रोझाच्चोच्या पुरवणीसह सेस्साच्या वारसांकडून. तेच पत्रे, सदतीस-अडतीस वर्षे. नकाशाच्या चेहऱ्यावर कुठेही सन नाही. अशा वेळी बरेच विक्रेते पहिल्या आवृत्तीचे वर्ष लिहून मोकळे होतात, आणि ते नेहमी फसवण्यासाठी असते असे मी म्हणणार नाही. आधीच्या विक्रेत्याच्या चिठ्ठीवर १५६१ असते, पुढचा ते उतरवून घेतो. टॉलेमीच्या बाबतीत तर छापील सनावरही भिस्त ठेवता येत नाही. बोलोन्याच्या आवृत्तीवर १४६२ हे वर्ष छापलेले आहे आणि ती प्रत्यक्षात १४७७ ची आहे.

चेहऱ्यावर वर्ष नसले तरी वय ठरवण्याच्या जागा असतात. १५९८ च्या आवृत्तीसाठी अनेक पत्र्यांवरच्या समुद्रात जहाजे आणि जलचर नव्याने कोरले गेले. आमच्या नकाशाचा समुद्र ठिपक्यांखेरीज मोकळा होता. एवढ्यावरून तो आधीचा ठरत नाही, कारण कुठल्या पत्र्यावर भर पडली आणि कुठल्या नाही हे एकेक ताडून पाहावे लागते, पण कल तिकडे गेला. पानाच्या मागचा मजकूर इटालियन असेल तर १५६२ ची लॅटिन आवृत्ती बाद होते. आणि तिसरी जागा म्हणजे पत्र्याच्या कडेचा दाब, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्याच्याविषयी इथे सावकाश लिहिले पाहिजे.

तांब्याच्या पत्र्यावरून छापताना कोरलेल्या रेघांत शाई भरतात, वरचा भाग पुसून घेतात, त्यावर ओलसर कागद ठेवतात आणि दोन रुळांच्या मधून जोराने पुढे ढकलतात. ओला कागद रेघांत शिरून शाई उचलतो आणि त्याच वेळी पत्र्याच्या जाडीएवढा खाली दबतो. कागद वाळला की पत्र्याची सगळी चौकट त्याच्यावर एका खोलगट कडेच्या रूपाने कायमची उमटलेली राहते. डोळ्यांना ती नीट दिसत नाही. कागद तिरपा धरून एका बाजूने उजेड टाकला की सावलीची रेघ उमटते, आणि बोट फिरवले तर उंबरठा लागल्यासारखे जाणवते. रुशेल्लीच्या पुस्तकासाठी सुरुवातीला दोन नकाशे एकाच मोठ्या पत्र्यावर कोरले होते. दोन्ही एकदम छापून मग कागद मधून कापला जाई. त्यामुळे १५६१ ते १५६४ च्या पानांत खाली आणि दोन्ही बाजूंना दाब दिसतो, पण वर दिसत नाही. बाजूच्या दोन उभ्या रेघा वर जाऊन कागदाच्या कडेबाहेर निघून जातात. १५७४ च्या आवृत्तीच्या वेळी पत्रे वेगळे केलेले होते. त्यामुळे त्या पानांवर दाब चारही बाजूंनी बंद झालेला असतो.

या कसोटीत एक मेख आहे आणि नवखा माणूस तिथेच फसतो. वरच्या बाजूला दाब दिसला तर पान १५७४ किंवा त्यानंतरचे, हे ठामपणे म्हणता येते. पण दाब दिसला नाही म्हणून पान १५६१ चे, असे म्हणता येत नाही. कुणी तरी कधी तरी वरचा समास दाबाच्या आत छाटला असेल तर १५७४ चे पानही तसेच दिसेल. म्हणजे असणे पुरावा देते, नसणे फक्त शक्यता शिल्लक ठेवते.

माझा भाचा लंडनला असतो. तो संगणकाच्या कामात आहे, नकाशांशी त्याचा काही संबंध नाही, पण मामाने सांगितल्यावर तो शनिवारी दुकानात गेला. आत शिरण्याआधी त्याने फोन केला.

“मामा, माउंट काढून दाखवा असं सांगितलं तर ते चिडणार नाहीत ना?”

“चिडले तर बाहेर पड आणि चहा पिऊन घरी जा. न उघडता घ्यायचं नाही.”

विक्रेता चिडला नाही. नकाशा वरच्या कडेला दोन कागदी बिजागऱ्यांवर लावलेला होता, त्या मोडल्याशिवाय पुठ्ठा वर उचलता येत होता. भाचा व्हिडिओ कॉलवर आला आणि त्याने मोबाइलचा दिवा आडवा धरला. आधी खालची कड, मग डावी, मग उजवी; तिन्ही ठिकाणी दाब स्वच्छ होता. मग तो वर गेला.

“इथं आडवी रेघ आहे, मामा. शाईची नाही. कागदाच्या टोकापासून बोटभर खाली.”

मला लगेच मान्य करायचे नव्हते. माउंटची कड वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून राहिली तरी कागदावर रेघ पडते. म्हणून मी त्याला कोपरा बघायला सांगितले. डावीकडची उभी रेघ वर चढत जाऊन या आडव्या रेघेला मिळते का, आणि मिळते तिथे कोन होतो का वळण? माउंटची रेघ आणि पत्र्याची रेघ दोन वेगळ्या चौकटींच्या असतात, त्या एकमेकींना ओलांडतील किंवा समांतर जातील, पण कोपऱ्यात एकजीव होणार नाहीत. भाच्याने दिवा जवळ नेला, मोबाइल हलला, दोन सेकंद फक्त कागदाचे धागे दिसले, आणि मग कोपरा दिसला: उभी रेघ वर येऊन किंचित गोलाई घेत आडवीत मिसळली होती. उजवीकडेही तसेच. पान उलटे केल्यावर तीच चौकट मागच्या बाजूने उचललेली दिसली. दाब चारही बाजूंनी बंद होता.

मागचा मजकूर इटालियन होता. त्या पानाचे छायाचित्र घेऊन मी रात्री ग्रंथालयांनी महाजालावर ठेवलेल्या १५६१ आणि १५७४ च्या प्रतींशी ताडून पाहिले. १५७४ साठी मजकुराची जुळणी नव्याने झाली होती, त्यामुळे शब्द जवळपास तेच असले तरी ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात. आमच्या पानावरच्या ओळींची टोके पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत १५७४ च्या प्रतीशी जुळली. मी खरे तर हे काम आधी करायला हवे होते. विक्रेत्याकडे मागच्या बाजूचे छायाचित्र मागितले असते तर भाच्याचा शनिवार वाचला असता. पण कागद हाताळल्याशिवाय माझे समाधान होत नाही, हेही खरे.

सन ठरला तरी प्रकरण संपले नव्हते. टॉलेमीच्या पानांच्या बाबतीत पान कुठून आले हा प्रश्न सनाइतकाच महत्त्वाचा असतो, आणि आपल्याकडचे संग्राहक तो फारसा विचारत नाहीत. ही सुटी पाने मुळात पुस्तकांत शिवलेली होती. ती बाहेर पडली म्हणजे कुणीतरी पुस्तक मोडले. पुष्कळदा ते पुस्तक आधीच अपुरे, भिजलेले किंवा किडलेले असते. काही वेळा मात्र ते धडधाकट असते आणि एकेक पान विकून जास्त पैसे होतात म्हणून मोडले जाते. त्याहून वाईट म्हणजे ते ग्रंथालयाचे असते. २००७ मध्ये माद्रिदमधल्या स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातून १४८२ च्या टॉलेमीतले जगाचे नकाशे कापून नेल्याचे उघडकीस आले, संचालिका रोसा रेगास यांनी राजीनामा दिला, आणि कापलेल्या पानांपैकी एक ऑस्ट्रेलियात सिडनीला सापडले. त्याआधी ८ जून २००५ रोजी येल विद्यापीठाच्या बाइनेकी ग्रंथालयात जमिनीवर पडलेले चाकूचे पाते एका कर्मचाऱ्याच्या नजरेला पडले, आणि त्यातून फोर्ब्स स्माइली हा या धंद्यातला नावाजलेला विक्रेता पकडला गेला. त्याने ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली आणि २००६ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याकडून ज्यांनी नकाशे घेतले त्यांत चांगले जाणकार विक्रेते आणि संग्राहक होते. जाणकारी चोरीचा माल ओळखायला पुरत नाही, कारण चोरीचा नकाशाही अस्सलच असतो.

म्हणून भाच्याला मी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या होत्या. मधल्या घडीच्या मागे जुन्या कागदाची पट्टी किंवा वाळलेल्या खळीचा माग आहे का. असेल तर पान रीतसर उकलले गेले असण्याची शक्यता वाढते, आणि घडीलगत स्वच्छ, ताजा, सरळ काप असेल तर शंका घ्यायची. कुठे शिक्का आहे का, किंवा शिक्का खरवडून काढल्यामुळे कागद पातळ झालेला आहे का. त्यासाठी पान उजेडासमोर धरायचे. आणि विक्रेत्याला पान कुणाकडून आले हे लेखी देता येते का. पहिल्या दोन गोष्टींत काही वावगे निघाले नाही. घडीच्या मागे तपकिरी पडलेली अरुंद पट्टी होती, तिच्या टोकाला दोन वाळवीची छिद्रे होती, आणि तीच छिद्रे नकाशाच्या कडेलाही आरपार दिसत होती. उजेडासमोर कागदातल्या जाळीच्या उभ्या-आडव्या रेघा सगळीकडे सारख्या होत्या. तिसऱ्या गोष्टीला विक्रेत्याने एक ओळ लिहून दिली: ‘लिलावात घेतलेल्या अपुऱ्या प्रतीतून.’ त्याच्यापुढे लिलावाचे नाव आणि वर्षही लिहून द्यावे असे मी कळवले. दोन दिवसांनी त्याने ते दिले, आणि त्या लिलावाच्या छापील यादीत अपुऱ्या प्रतीचे वर्णन मला सापडले. त्या वर्णनातही सन १५७४ च होता! म्हणजे लिलावापासून दुकानापर्यंतच्या वाटेत कुठेतरी तेरा वर्षे गळून पडली होती.

मी विक्रेत्याला पत्र लिहिले. त्यात फसवणूक हा शब्द नव्हता आणि तो यायला नको होता. दाबाची छायाचित्रे, मागच्या मजकुराची तुलना आणि त्याच्याच लिलावाच्या यादीचा दाखला एवढेच त्यात होते. उत्तर दुसऱ्या दिवशी आले; दिलगिरी होती, आणि किंमत २९० पौंडांवर आणली होती. काही मित्रांनी अजून घासाघीस करायला सुचवले. मला ते पटले नाही. १५६१ आणि १५७४ यांच्या किमतीत आभाळ-पाताळाचे अंतर नसते. या पानांना मागणी असते ती कोरीव कामासाठी आणि विषयासाठी. माझा आग्रह किमतीसाठी जेवढा होता त्याहून जास्त पावतीवर काय लिहिले जाते यासाठी होता. पावतीवर ‘व्हेनिस, झिलेत्ती, १५७४’ असे लिहून द्यावे, ही अट मी घातली आणि ती पाळली गेली.

एक गोष्ट मात्र ठरवायची राहिली होती: पान भारतात आणायचे की भाच्याकडेच ठेवायचे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशात छापलेला कागद इथे आणला की त्याला पुन्हा बाहेर काढणे जवळपास अशक्य होऊन बसते, मग तो विकायचा असो वा परत करायचा असो. म्हणूनच तपासणी लंडनमध्येच व्हायला हवी होती; पान पुण्यात पोहोचल्यावर चूक लक्षात आली असती तर विक्रेत्याने कितीही सौजन्य दाखवले तरी मी अडकलो असतो. शिवाय पुण्याचा पावसाळा आहे. जुन्या चिंध्यांचा कागद आजच्या लाकडी लगद्याच्या कागदापेक्षा कितीतरी चिवट असतो, पण बुरशी दोघांनाही सोडत नाही. आपल्याकडे जुना नकाशा मिळाला की लोक तो लॅमिनेट करतात किंवा फ्रेमवाल्याकडून हार्डबोर्डावर चिकटवून घेतात; मी असे दोन चांगले नकाशे कायमचे वाया गेलेले पाहिले आहेत, आणि त्यांतला एक माझ्या हातून गेला आहे.

शेवटी आणायचे ठरले, कारण पैठणचा नकाशा लंडनमध्ये कपाटात ठेवून मला काय करायचे होते? भाच्याने येताना तो दोन आम्लरहित पुठ्ठ्यांच्या मध्ये, हातातल्या बॅगेत आणला. आता तो माझ्याकडे आडव्या खणात, तशाच पुठ्ठ्यांच्या पाकिटात असतो. फ्रेम केलेली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढतो, भिंग लावतो आणि अरियाकेच्या आतल्या भागात बैथानाचे नाव शोधतो. मोहरीएवढ्या अक्षरांत ते कोरलेले आहे, नदीच्या शेजारी, पण गोदावरीचा जो मार्ग मला पायाखालचा आहे तो त्या रेघेत मुळीच नाही.

माझ्या नोंदवहीत या पानापुढे १५७४ लिहिले आहे, कारणांसह. विक्रेत्याने आधी लावलेली ‘१५६१’ ची छापील चिठ्ठीही मी त्याच पाकिटात ठेवली आहे. पुढे हे पान कुणाच्या हाती गेले, तर ते एकदा चुकीच्या सनाने विकायला निघाले होते हे त्या माणसाला कळले पाहिजे. भाच्याने कोपऱ्याची घेतलेली छायाचित्रे मोठी छापून तीही सोबत ठेवली आहेत. माउंट पुन्हा लावायचा झाला तर त्याची खिडकी दाबाच्या चौकटीबाहेर कापावी, असे त्यांच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.